हॅकेथॉनला परीक्षक म्हणून जाऊन आलो, तेव्हापासून डोक्यात भुंगा

अर्धा_इंजिनिअर | ३ मे, रात्री ११:४०

गेल्या शनिवार-रविवारी आमच्या जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात चोवीस तासांची हॅकेथॉन, म्हणजे सलग बसून प्रोजेक्ट बनवायची स्पर्धा होती. कॉलेजचं नाव विचारू नका, सांगणार नाही. मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलची कामं करतो. त्यांना 'इंडस्ट्रीतला माणूस' हवा होता, शेजारच्या प्राध्यापकांनी मला पुढे ढकललं. बाकीचे दोन परीक्षक म्हणजे एक आयटीतले मॅनेजर आणि एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब.

पहिलं बक्षीस मिळालेला प्रोजेक्ट असा. मातीत सेन्सर खोचायचा, ओलावा मोबाईलवर बघायचा, पाणी कधी द्यायचं ते अ‍ॅप सांगणार. स्क्रीन अगदी देखणी. हिरवा रंग, ट्रॅक्टरचं चित्र, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही भाषा. ओलावा ६४ टक्के दाखवत होतं. मी स्क्रीन खाली ओढून रिफ्रेश केली, ७१ झाले. परत केली, ६०. म्हटलं, बाळांनो, दोन सेकंदांत ओलावा अकरा टक्के खाली आला, मग माती आहे की तापलेला तवा? कोड उघडायला लावला. त्यात 'रँडम' नावाचं फंक्शन आणि कंसात ६० आणि ७२. सेन्सरची वायर टेबलाखाली गेली होती, ती कशालाच जोडलेली नव्हती.

पोरगा बिचारा प्रामाणिक होता. "सर, सेन्सर ऑर्डर केलाय, कुरिअर आलं नाही. तोवर डमी डेटा टाकलाय."

आता दुसरी टीम. पॉलिटेक्निकची चार पोरं, त्यात दोन मुली. कांद्याच्या चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, सड लागली की आधी कळावं म्हणून वायूचा सेन्सर पीव्हीसी पाइपात बसवलेला, पाइपाला ड्रिलने भोकं पाडलेली. घरून स्टीलच्या डब्यात सडके कांदे आणलेले. डबा उघडला, अख्ख्या हॉलने नाकाला रुमाल लावला, आकडा चढला. पण झाकण लावल्यावर तो खाली येईचना. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर कोणीतरी हाताला सॅनिटायझर चोळलं आणि आकडा आणखी वर गेला. मॅनेजर हसले. त्यातली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, याला कांदा आणि सॅनिटायझर यातला फरक कळत नाही. चाळीत सॅनिटायझर नसतं, पण फवारणीचा पंप असतो. त्याचं काय करायचं ते अजून सुटलेलं नाही." आणि तिने वही पुढे केली. दोनशे पानी, मागचं पुठ्ठ्याचं कव्हर फाटलेलं. घरच्या चाळीत अकरा दिवस सकाळ-संध्याकाळ घेतलेले आकडे, हाताने लिहिलेले. शेजारी शेरे: 'ढगाळ', 'वीज नव्हती', 'आजोबांनी बिडी ओढली, धरू नये'.

आमच्या गुणपत्रिकेत 'पूर्णता'ला १०, 'सादरीकरण'ला १०, 'नावीन्य'ला १०. वहीला रकाना नव्हता. शेऱ्यात 'नॉट वर्किंग' लिहिलं गेलं. त्या टीमला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही.

मी मीटिंगमध्ये एकदा बोललो. साहेब म्हणाले, अहो मुलं आहेत, कन्सेप्ट बघा. मी गप्प बसलो. सही केली. आता तेच खुपतंय.

प्रश्न सरळ आहे. हॅकेथॉनमध्ये आपण नेमकं काय जोखतो? आणि तुमच्यापैकी कोणी भाग घेतला असेल, परीक्षण केलं असेल, तर चोवीस-छत्तीस तासांनंतर त्या प्रोजेक्टचं काय झालं तेही लिहा.

---

तिरकस | ४ मे, सकाळी ७:१२

पुढे काय होतं ते मी सांगतो. प्रोजेक्ट कपाटावर जातो, सर्टिफिकेट लिंक्डइनवर.

गेली वीस वर्षं मी चारच प्रोजेक्ट बघतोय: आंधळ्यांची काठी, आपोआप उघडणारी कचरापेटी, झाडाला पाणी घालणारा पंप आणि चेहरा बघून हजेरी. आधी त्यावर '८०५१' या चिपचं नाव लिहायचे, मग 'आर्डुइनो' बोर्डाचं आलं, मग 'आयओटी', म्हणजे वस्तू इंटरनेटला जोडणं. हल्ली 'एआय' लिहितात. कचरापेटी तीच आहे, फक्त झाकणाला आता ढगातून परवानगी लागते.

आणि पुण्यात पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन बघा एकदा. नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला. रेडीमेड प्रोजेक्ट मिळतो, ब्लॅकबुकसकट, म्हणजे बांधलेल्या अहवालासकट. वर 'व्हायव्हात काय विचारतील' त्याचा कागद फुकट.

---

ओम_३२बिट | ४ मे, सकाळी ९:५०

नमस्कार. मी थर्ड इयरला आहे, आणि डमी डेटा टाकणाऱ्यांपैकीच एक आहे. (त्या टीममधला नाही, शपथ.)

दादा, तुमचं म्हणणं पटतंय, पण आमची बाजूही ऐका. रात्री तीन वाजता काय होतं ते परीक्षकांना दिसत नाही. गेल्या वर्षी आम्ही टाकीतल्या पाण्याची पातळी मोजत होतो. अल्ट्रासॉनिक सेन्सर पाच व्होल्टचा, ईएसपी-३२ बोर्डाच्या पिनला चालतात ३.३. मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज खाली आणायचं असतं. झोपेत आमच्या एकाने वायर थेट खुपसली. थोडा वेळ चाललं, मग बोर्ड गेला. दुसरा बोर्ड नाही, दुकानं बंद, आणि सकाळी दहाला प्रेझेंटेशन. काय करणार? कोडमध्ये आकडे घातले. सगळे घालतात. जो खरं सांगतो त्याला 'नॉट वर्किंग' शेरा मिळतो, हे तुम्हीच वर लिहिलंय की!

मीही सरांना सांगितलं होतं, बोर्ड जळलाय म्हणून. सर म्हणाले, ते स्टेजवर बोलू नकोस.

---

अर्धा_इंजिनिअर | ४ मे, सकाळी १०:२०

ओम, तुझ्यावर राग नाही. राग माझ्या सहीवर आहे.

एक कर. पुढच्या वेळी तो जळलेला बोर्ड टेबलावर ठेव आणि दोन रेझिस्टरची गोष्ट सांग. माझ्यासारखा कोणी समोर असेल तर पाच मार्क जास्तच देईल. नसेल तर तुझं नशीब.

---

मास्तरीण_बाई | ४ मे, दुपारी २:०५

मी पॉलिटेक्निकला शिकवते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहिते.

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ ला सुरू झाली तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. वेगवेगळी मंत्रालयं आपापले प्रश्न लिहून देतात, मुलं त्यातला एक उचलतात, कॉलेजातच आधी एक फेरी होते, आणि निवडलेल्या टीम दुसऱ्या गावी जाऊन सॉफ्टवेअरवर सलग छत्तीस तास काम करतात. हार्डवेअरवाल्यांना त्याहून जास्त दिवस मिळतात. एकेका प्रश्नाला वेगळं रोख बक्षीस. आमची काही मुलं त्यानिमित्ताने पहिल्यांदा राज्याबाहेर गेली, पहिल्यांदा दुसऱ्या भाषेतल्या मुलांच्या शेजारी बसून रात्र काढली. हे छोटं नाही. तिरकसराव, तुम्ही याला नावं ठेवू नका.

पण टीम सहा जणांची, त्यात निदान एक मुलगी हवी असा नियम आहे. नियम चांगल्यासाठी केला. वर्गात त्याचं काय होतं? पाच मित्र आधीच ठरलेले असतात. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी धावत येतात, "मॅडम, एक मुलगी द्या ना." जणू प्रयोगशाळेतून मल्टिमीटर मागताहेत. मग तिच्याकडे पीपीटी आणि स्टेजवर बोलणं. सोल्डरिंग गनला हात लावायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी मी उलटं केलं. टीम मुलींनी काढायच्या, मुलं त्यांनी निवडायची. पहिल्या आठवड्यात फार कुरकुर झाली. ज्या मुलीने टीम काढली तिच्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, ती लहानपणापासून तांब्याच्या तारेत वाढलेली. एका मुलाने जोडलेली वायर तिने नुसती बोटाने हलवली आणि म्हणाली, "हे ड्राय सोल्डर आहे, गाडीत सुटेल." आणि सुटली असती. तिने परत जोडली. आता पोरंच तिला विचारायला जातात.

अर्धा_इंजिनिअर, ती वहीवाली मुलगी कुठल्या पॉलिटेक्निकची ते मला खासगीत कळवाल का?

---

पांढरी_काठी | ४ मे, संध्याकाळी ६:३०

तिरकस यांनी 'आंधळ्यांची काठी' म्हटलंय, म्हणून लिहितो. मी स्वतः पूर्ण दृष्टिहीन आहे, हा धागा स्क्रीनरीडरवर ऐकतोय.

आजवर पाच टीम माझ्याकडे काठी घेऊन आल्या. पाचही काठ्या बीप-बीप करायच्या. पाचांपैकी एकाही मुलाने आधी माझ्याबरोबर रस्त्यावर चालून पाहिलं नव्हतं. अहो, रस्त्यावर माझे कान हेच माझे डोळे. मागून येणारी रिक्षा मी कानाने ओळखतो. तिथे तुम्ही कानात बीप वाजवलात तर मी मेलोच.

दुसरं असं की जमिनीवरचा खड्डा, दगड, पायरी साधी काठी सांगतेच, पाचशे रुपयांच्या आत. तिला जे सांगता येत नाही ते कमरेच्या वर असतं. झाडाची खाली आलेली फांदी, भिंतीतून बाहेर आलेला एसीचा डबा, उभ्या ट्रकची मागची फळी. माझ्या कपाळावरची खूण त्या फळीची आहे.

हे ज्यांनी ओळखलं त्यांचं उदाहरण आहे. दिल्ली आयआयटीत विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट म्हणून सुरू झालेली 'स्मार्टकेन'. साध्या काठीच्या मुठीवर बसवायचं यंत्र, गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा अल्ट्रासॉनिकने ओळखतं, आणि आवाज न करता मुठीत थरथरतं. ती लोकांच्या हातात रीतसर आली २०१४ मध्ये. वर्गातल्या प्रोजेक्टपासून मोजलं तर मध्ये बरीच वर्षं गेली. त्यांनी ती वर्षं आमच्यासारख्यांना हातात काठी देऊन, आमच्या शिव्या ऐकून घालवली. काठी तीच, सेन्सरही जवळपास तोच, जो तुमच्या कचरापेटीच्या झाकणाला असतो.

सहावी टीम आली तर मी आधी त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना मंडईत नेणार आहे.

---

तिरकस | ४ मे, संध्याकाळी ६:५२

पांढरी_काठी, शब्द मागे घेतो. काठीबद्दलचे. कचरापेटीबद्दल ठाम आहे.

---

सातासमुद्रापार | ५ मे, पहाटे ४:१५

इकडून थोडी भर. मी अमेरिकेत फिलाडेल्फियात राहते. इथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मुलांनी २००९ मध्ये 'पेनअ‍ॅप्स' सुरू केली. विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली पहिली मोठी हॅकेथॉन म्हणून तिचं नाव घेतात. मी दोनदा स्वयंसेवक म्हणून पिझ्झाचे खोके वाहिलेत. डमी डेटा इथेही असतो, उगाच न्यूनगंड नको.

पण 'हॅकेथॉन' हा शब्द आला कुठून ते गमतीचं आहे. १९९९ च्या जूनमध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणारे दहाएक जण कॅनडात कॅलगरीला एका ठिकाणी जमले. कॅनडातच का, तर अमेरिकेत तेव्हा सांकेतिक लेखनाचं सॉफ्टवेअर देशाबाहेर पाठवण्यावर कायद्याची बंधनं होती. ती टाळायला सीमेपलीकडे बसून कोड लिहिला. तिथे ना बक्षीस, ना परीक्षक, ना बॅनर. काम अडलं होतं, म्हणून माणसं एका खोलीत बसली, एवढंच.

बक्षिसं, प्रायोजक आणि 'गुंतवणूकदारांसमोर तीन मिनिटं' हे सगळं नंतर चिकटलं. त्यातूनही काही निघालं नाही असं नाही. २०१० ला न्यूयॉर्कच्या एका हॅकेथॉनमध्ये रातोरात लिहिलेलं ग्रुपमी हे गप्पांचं अ‍ॅप पुढच्याच वर्षी स्काइपने विकत घेतलं. पण असं एखादंच. आणि त्या एकाच्या आशेवर बाकीचे सगळे तीन मिनिटांचं भाषण पाठ करतात.

---

गोदाकाठ | ५ मे, सकाळी ८:४०

नाशिकचा धागा आणि कुंभथॉनचा विषय अजून निघाला नाही?

२००३ च्या सिंहस्थात इथे चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. ज्यांनी तो दिवस पाहिलाय त्यांना सरदार चौकाकडचा उतार अजून आठवतो. पुढचा कुंभ २०१५ चा. त्याच्या आधी, २०१४ पासून, मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमधले रमेश रासकर आणि इथल्या मंडळींनी मिळून कुंभथॉन भरवली. प्रश्न बाहेरून आणायचा नव्हता, तो घरासमोर होता. लाखो माणसं येणार, त्यांना पाणी, औषध, निवारा, आणि गर्दी मोजायची कशी?

त्यातून निघालेली एक गोष्ट म्हणजे 'आशियोतो'. निलय कुलकर्णी तेव्हा शाळकरी वयाचा होता. रस्त्यावर अंथरायची चटई, तिच्यात दाब ओळखणारे सेन्सर, माणूस पाय देऊन गेला की मोजला गेला. किती माणसं किती वेगाने घाटाकडे चाललीत हे कळलं तर पोलिसांना वरच्या चौकात गर्दी थोपवता येते. २०१५ च्या कुंभात ती खरोखर रस्त्यावर अंथरली गेली. पुढे त्याने टेडच्या मंचावर ही सगळी हकिगत सांगितली.

मला त्यातलं आवडतं ते हे, की कॅमेऱ्याने माणसं मोजायच्या कल्पना तेव्हाही होत्याच. पण चटईला चेहरा लागत नाही, ऊन-सावली लागत नाही, फक्त पाय लागतो. आणि कुंभात पाय कमी नाहीत.

त्याच धामधुमीतून पुढे टीसीएसचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे नवकल्पनांचं केंद्र इथे उभं राहिलं, आणि तिथे लासलगावकडच्याच कल्याणी शिंदे यांनी कांदा साठवणुकीवर काम करून 'गोदाम इनोव्हेशन्स' ही कंपनी काढली. तापमान, आर्द्रता आणि वायू यावरून चाळीतला कांदा कधी बिघडतोय ते सांगायचं. म्हणजे वहीवाल्या मुलीची वाट आधी एकीने चालून पाहिलेली आहे. ज्या परीक्षकांनी 'नॉट वर्किंग' लिहिलं त्यांना हे माहीत होतं का?

आता पुढचा सिंहस्थ दारात आहे. बॅनर लागायला सुरुवात झालीय. हॅकेथॉनही होतीलच.

---

अर्धा_इंजिनिअर | ५ मे, सकाळी ९:०५

गोदाकाठ, मला स्वतःला हे माहीत नव्हतं. लाज वाटते, पण खरं तेच.

---

चिमणीची_आई | ५ मे, दुपारी १२:३०

जरा अवांतर. मुलगा सातवीत. इन्स्पायर-मानक या सरकारी योजनेतून कल्पनेसाठी दहा हजार रुपये त्याच्या खात्यावर आले. घरात सण. त्याची कल्पना होती आजीच्या गोळ्यांचा डबा, वेळ झाली की दिवा लागणारा. प्रदर्शनात गेलो तर बाकीच्या पोरांचे प्रोजेक्ट बघून माझे डोळे फिरले. लेझरने कापलेलं अ‍ॅक्रिलिक, छापलेले फलक. एका मुलाला विचारलं, बाळा हे कसं चालतं? तो म्हणाला, "बाबा पार्किंगला गेलेत, आले की सांगतील."

आणि शाळेतली अटल टिंकरिंग लॅब? वीस लाखांपर्यंतचं अनुदान, सहावी ते बारावीच्या मुलांनी खेळून-मोडून शिकावं म्हणून. आमच्याकडे थ्री-डी प्रिंटरवर प्लॅस्टिकचं कव्हर असतं. पाहुणे आले की काढतात. सगळीकडे असं नाही हे माहीत आहे, माझ्या भावाच्या गावी मुलं दुपारभर तिथेच पडीक असतात. सगळा खेळ किल्ली कोणाकडे आहे त्याचा.

डबा आजी वापरते, बरं का. फक्त दिव्यावर टिकली चिकटवलीय, डोळ्यावर येतो म्हणून.

---

पाटपाणी | ५ मे, रात्री ९:१०

निफाड तालुक्यातला शेतकरी आहे. दोनपाखी चाळ आहे, पन्नास फूट. त्या पोरीच्या कामावर बोलतो, बाकीचं तुमचं तुम्ही बघा.

सड कशी लागते ते सांगतो. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये भरायचा आणि दिवाळीपर्यंत भावाची वाट बघायची, असा हा सगळा जुगार. पातीसकट शेतात तीन-चार दिवस सुकवला, जोड, डेंगळे आणि जाड मानेचे निवडून काढले, तर निम्मं काम झालं. चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर, खालून वारा खेळला पाहिजे. थर चार-पाच फुटांच्या वर घालायचा नाही. एवढं करूनही श्रावणात ढग बसले की मधेच कुठंतरी एक कांदा सुटतो. त्याचं पाणी खालच्यावर पडतं. वास बाहेर येईपर्यंत पाटीभर गेलेला असतो.

म्हणून मशीन पाहिजे हे खरंय. पण माझा सवाल दुसराच आहे. मशीन म्हणालं 'सड लागली', मग मी काय करू? सगळी चाळ उकरू? मजुरी काय आहे माहीत आहे का? आणि चांगला कांदा हाताळला की त्याची साल जाते, तो पुढं टिकत नाही. मला 'लागली' सांगू नका, 'कुठं लागली' ते सांगा. माझ्या चाळीला दहा-दहा फुटांचे पाच कप्पे आहेत. कप्पा सांगा, मी तेवढाच खोलतो.

आजोबांच्या बिडीची नोंद करणारी पोरगी हुशार आहे. तिला म्हणावं चाळ पाहिजे असंल तर माझी घे.

---

अर्धा_इंजिनिअर | ५ मे, रात्री १०:४५

पाटपाणी भाऊ, तुम्ही एका पोस्टमध्ये आमची अख्खी गुणपत्रिका निकालात काढलीत.

पाच कप्पे म्हणजे निदान पाच पाइप. आता जरा आकडेमोड. मुलांनी वापरला तो वायूचा सेन्सर एमक्यू-१३५. हा सेन्सर आत छोटा हीटर तापवून काम करतो. पाच व्होल्टवर साधारण दीडशे मिलिअँपिअर सतत खातो. बोर्ड आणि वायफाय धरलं तर दहा हजार एमएएचची पॉवर बँक जेमतेम एक दिवस टिकेल. पाच पाइप म्हणजे रोज पाच पॉवर बँका. चाळीत लाइट असते का?

गंमत पुढे आहे. डेटाशीट, म्हणजे सेन्सरचं माहितीपत्रक, म्हणतं, नवा सेन्सर पहिल्यांदा निदान २४ तास तापवा, मगच आकड्यावर विश्वास ठेवा. हॅकेथॉनही २४ तासांची. म्हणजे त्या मुलांनी तिथे नवाच सेन्सर लावला असेल, तर रविवारी सकाळी डबा उघडला तेव्हा तो अजून अंग झटकत होता. आकडा खाली येईना त्याचं एक कारण हेही असू शकतं. आम्ही तिघे परीक्षक, एकालाही हे सुचलं नाही.

आणि आर्द्रतेसाठी त्यांनी डीएचटी-११ लावला होता, निळा, जाळीचा. तीनेक महिने थांबा, श्रावणात हवा नव्वदीच्या पुढे गेली की त्याच्यावर विसंबू नका. डीएचटी-२२ घ्या, पांढरा. थोडा महाग.

---

पाटपाणी | ६ मे, सकाळी ६:२०

सिंगल फेज असते. जाते-येते.

---

ओम_३२बिट | ६ मे, सकाळी ११:००

मी येऊ का? सुट्टी आहे. दर अर्ध्या तासाला दहा मिनिटं हीटर चालू करून वाचन घेता येईल, बाकी वेळ बंद. वीज बरीच वाचेल. चालू-बंद करून आकडा स्थिर राहतो का ते मात्र करूनच बघावं लागेल. या वेळी रँडम वापरणार नाही.

---

मास्तरीण_बाई | ६ मे, दुपारी ४:१५

संपर्क झाला. ती माझ्या मैत्रिणीच्या वर्गातली निघाली. मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्हाला सर्टिफिकेट नको, चाळ हवी होती." तिच्या घरची चाळ एका कप्प्याची आहे. आणि तिने वही तिसऱ्यांदा स्वच्छ अक्षरात उतरवायला घेतली होती, ती मी थांबवली. पहिलीच ठेव म्हटलं, बिडीसकट.

---

तिरकस | ६ मे, दुपारी ४:४०

जुना अ‍ॅल्युमिनियमचा पंखा आणि दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या पडून आहेत. नाशिकला कोणी येणार असेल तर घेऊन जा. कचरापेटीसाठी नाही.

---

ओम_३२बिट | २३ ऑगस्ट, रात्री १०:०५

धागा वर काढतोय. बऱ्याच जणांनी विचारलं होतं.

जूनपासून पाच पाइप चाळीत आहेत. पहिला महिना नुसता उंदरांशी लढाई. वायरी कुरतडतात. आता वायरी लोखंडी जीआय पाइपातून घेतल्यात. दोन सेन्सर पावसाच्या झडीने गेले, पत्र्याची गळती होती ते आम्हाला कळलं नाही, पाटपाणी काकांना पाच सेकंदांत कळलं. चालू-बंद करण्याची माझी आयडिया अर्धीच चालली. हीटर बंद करून परत लावला की पहिली काही मिनिटं आकडा भलताच येतो, तो टाकून द्यावा लागतो. त्यामुळे वीज वाचली, पण मी म्हटलं होतं तेवढी नाही.

वही त्या पॉलिटेक्निकच्या मुलीकडेच आहे. आम्ही सर्व्हरवर पण साठवतो, पण भांडण झालं की वहीच उघडतो.

गेल्या मंगळवारी तिसऱ्या कप्प्याचा आकडा चढायला लागला. इतर चार जागच्या जागी. बुधवारी आणखी चढला. फवारणी नव्हती, बिडी नव्हती, दोघांनी वहीत तपासलं. गुरुवारी काकांना सांगितलं, 'कुठं लागली' ते सापडलं, तिसरा कप्पा. काकांनी चार माणसं लावली. आम्ही दोघं मोबाईलवर शूटिंग करत उभे.

कांदा ठणठणीत. पाटीत एकसुद्धा सडका नाही. तळाशी, पाइपापासून हातभर अंतरावर, मेलेला उंदीर.

---

पाटपाणी | २३ ऑगस्ट, रात्री १०:३२

खरंय. घूस म्हणावी एवढा उंदीर होता. कप्पा बरोबर सांगितला पोरांनी, त्यात वाद नाही.

चार माणसांची दिवसाची मजुरी त्या वहीत लिहून ठेवायला सांगितली आहे. दिवाळीत कांदा विकला की बघू कोणाच्या नावावर टाकायची.